ऑनलाइन आर्ट जर्नलिंगचा वर्ग घेणार आहे, तयारीत काय चुकतंय?

कोरं_पान

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच आर्ट जर्नलिंगचा ऑनलाइन वर्ग घेणार आहे. चार रविवार, दर वेळी दीड तास, बारा जण. बहुतेकांनी शाळेनंतर ब्रश हातात धरलेला नाही.

मी स्वतः गेली अकरा वर्षं चित्रवही ठेवतेय. रंग, कात्रणं, लिहिलेलं, खोडलेलं, सगळं एकाच वहीत. आजवर जे केलं ते स्वतःपुरतं, शिकवलं कधीच नाही. त्यामुळे तयारीला बसले तेव्हा मला जे जे येतं ते सगळं लिहून काढलं: जेसोचा (रंगाआधी पानाला द्यायचा पांढरा लेप) थर, मेणखडूवर जलरंग, स्टेन्सिल, घरी कोरलेले शिक्के, कोलाज, अक्षरं. चार वर्गांत सगळं बसवायचं म्हणून मिनिटामिनिटाचा तक्ताही केला.

परवा दोन मैत्रिणींना घेऊन ऑनलाइनच रंगीत तालीम केली. दीड तासाने माझं पान सुरेख झालं होतं. एकीचं पान अर्धं ओलं होतं आणि दुसरीचं कोरंच. ती म्हणाली, "तुझं बघतच राहिले गं." कौतुकानेच म्हणाली, पण मला रात्री झोप लागली नाही. माझ्या वर्गातून कुणी कोरं पान घेऊन उठावं यासाठी मी हे करत नाहीये.

शिकवण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, तक्ता नेमका कुठे चुकला? शिवाय कॅमेरा, कागद, सामानाची यादी यांबद्दल जे सुचेल ते लिहा. मी सगळं वाचणार आहे.

---

रेघोट्या

अभिनंदन आणि धाग्याबद्दल आभार. मी सहा वर्षं प्रौढांना चित्रकला शिकवतेय, त्यातली चार ऑनलाइन. तुमच्या तालमीत जे झालं ते माझ्याही पहिल्या वर्गात जसंच्या तसं झालं होतं.

तक्त्यात तुम्ही कुणाची मिनिटं मोजलीत ते बघा. 'जेसो – १० मिनिटं' लिहिलंत ती तुमच्या हाताची दहा मिनिटं. तुमचा ब्रश जागच्या जागी असतो, पाणी किती घ्यायचं हे मनगटाला माहीत असतं. नवा माणूस आधी झाकण उघडतो, मग फडकं शोधायला उठतो, मग विचारतो "एवढा जाड थर चालेल का?" त्याला तेवढ्याच कामाला पंचवीस मिनिटं लागतात, आणि ती त्याची हक्काची आहेत.

माझा आता एकच हिशोब असतो: दीड तासात विद्यार्थ्यांचे हात किती वेळ चालले? पन्नास मिनिटांच्या खाली गेलं तर तो वर्ग मी फसला असं समजते. त्यासाठी सलग पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त करून दाखवत नाही. पाच मिनिटं माझी, बारा मिनिटं त्यांची, पुन्हा पाच माझी. त्यांच्या बारा मिनिटांत मी ब्रश खाली ठेवते. हे सगळ्यात अवघड. आपला हात चालू राहिला की त्यांचे डोळे पडद्यावर आणि हात मांडीत.

दुसरं, एका वर्गात एकच गोष्ट. तुमच्या यादीत चार नाही, दहा वर्गांचं सामान आहे.

---

कोरं_पान

रेघोट्याताई, 'कुणाची मिनिटं मोजलीत' वाचून मी तक्ता पुन्हा उघडला. सगळी माझीच आहेत. एकाही ओळीत त्यांचा हात नाही.

पण वाळण्याच्या वेळेचं काय करायचं? जेसो वाळायला वीसेक मिनिटं तरी जातात.

---

रेघोट्या

पानं टप्प्याटप्प्याने आधी करून ठेवा. एक कोरं, एक जेसो लावून वाळवलेलं, एक पहिला रंग दिलेलं, एक जवळजवळ झालेलं. मागे टप्प्याचा आकडा लिहा, ऐनवेळी गोंधळ होत नाही. विद्यार्थ्यांना मात्र जेसोचं पान वर्गाच्या आदल्या दिवशी घरी करायला सांगा. सोबत दोन मिनिटांचा छोटा व्हिडिओ द्या. ज्यांचं राहून जाईल त्यांना साध्या कागदावर काम करू द्या, परत पाठवू नका.

हेअर ड्रायर वापरायला सांगणार असाल तर आधी सगळ्यांचे माइक बंद करा. बारा ड्रायर एकदम सुरू झाले की काय होतं ते मी ऐकलंय.

---

खडूफळा

कॅमेऱ्याबद्दल लिहितो. मी व्यवसायाने ध्वनी-चित्रमुद्रणातला, बायकोच्या वर्गांची मांडणी मीच करतो.

१. वरून खाली बघणारा कॅमेरा हवा. फोन चालेल, पण स्टँड मेजालाच पकडणारा नको. तुम्ही खोडरबर घासलं की चित्र हलतं. स्टँड जमिनीवर किंवा वेगळ्या फळीवर असू द्या.

२. वर्तुळाकार दिवा फोनभोवती लावू नका. तो ओल्या रंगात जसाच्या तसा चमकतो आणि नेमका तुम्ही दाखवताय तो भाग पांढरा पडतो. दोन साधे दिवे, एक डावीकडे, एक उजवीकडे, पानाशी साधारण ४५ अंशांत. दोन्ही बल्ब एकाच जातीचे, ५००० ते ५५०० केल्विनच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे पांढरे. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) ९० च्या वर मिळाला तर रंग खरे दिसतात. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसरीकडून पिवळा दिवा असं केलंत तर तुमचा निळा प्रत्येकाला वेगळा दिसेल.

३. मेजावर मधल्या राखाडी रंगाचा कागद किंवा कापड अंथरा. फोन उजेड आपोआप जुळवतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की तो चित्र गडद करतो आणि पान मळकट दिसतं. काळ्या कापडावर उलटं होतं, पान इतकं उजळतं की पेन्सिलीच्या रेघा दिसत नाहीत. फोनच्या कॅमेरा ॲपमध्ये बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्के करता येतात, पण मीटिंगच्या ॲपमध्ये ती सोय सहसा नसते, म्हणून हा राखाडी कागद.

४. कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढ्या चौकटीच्या चार कोपऱ्यांना मेजावर चिकटपट्टी लावा. पान त्याच्या आतच ठेवायचं. आणि वाकताना डोकं चौकटीत येतंय का तेही तालमीत बघून घ्या.

५. मीटिंगची ॲपं आवाज 'स्वच्छ' करताना कागदाची खरखर, ब्रशचा आवाज कापून टाकतात, कधी शब्दांचे शेवटही. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती चालू करून ऐकून बघा. झूमची फुकट मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडते हेही लक्षात असू द्या, तुमचा वर्ग दीड तासाचा आहे.

६. आणि हे चुकवू नका: दुसऱ्या एखाद्या फोनवरून स्वतःच्याच वर्गात विद्यार्थी म्हणून शिरा आणि तो फोन नजरेसमोर ठेवा. त्यांना काय दिसतंय हे कळायचा तोच एक मार्ग. पान उलटं दिसतंय, धूसर दिसतंय, की तुमच्या चेहऱ्याच्याच चौकटीत अडकलंय, सगळं तिथे कळतं.

---

शाईदौत

+१ सहाव्या मुद्द्याला.

कागदाबद्दल थोडं. तुम्ही यादीत 'चांगली वही' लिहिलं असेल तर ते बदला, त्याचा अर्थ प्रत्येकाला वेगळा. जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आकडा द्या. साधी लिहायची वही ६० ते ८० जीएसएमची, ती पाण्याने लाटेसारखी उठते आणि शाई मागे उमटते. जलरंगाचा कागद ३०० चा, तो पाणी सोसतो पण वही जाडजूड होते. चित्रवहीला १६० ते २०० चा कागद मला बरा वाटतो. ज्यांच्याकडे पातळ कागदाची वही आहे त्यांनी दोन पानं एकमेकांना चिकटवावीत, काम भागतं.

जेसोमध्ये खडूसारखी भुकटी असते, त्यामुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि रंग पकड घेतो. पण जेसोवर जलरंग कागदासारखा मुरत नाही, वरच राहतो आणि ओल्या ब्रशने परत निघून येतो. नव्या माणसाला वाटतं आपलंच चुकलं. हे आधीच सांगा. मला तर तो गुणच वाटतो, कारण नको असलेला रंग ओल्या फडक्याने टिपून काढता येतो.

ॲक्रिलिक रंगाची पानं वाळली तरी समोरासमोर आली की एकमेकांना चिकटतात. मध्ये बटर पेपर घालायला सांगा. माझी एक अख्खी वही यापायी फाटली, अजून हळहळ वाटते.

पेनबद्दल: पिगमेंट शाईचं पेन पूर्ण वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही, साधं स्केचपेन लगेच पसरतं. वर्गाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपल्याकडच्या सगळ्या पेनांच्या रेघा एका कागदावर ओढाव्यात, दोन मिनिटांनी त्यांवरून ओला ब्रश फिरवावा. पाच मिनिटांत प्रत्येकाला आपलं सामान कळतं, हात चालू होतो, आणि यात 'चित्र' काढावं लागत नाही.

---

कोरं_पान

>> यात 'चित्र' काढावं लागत नाही

किती छान. पहिल्या वर्गाची सुरुवात हीच करते. त्यांचं पहिलं पान कोरं राहणारच नाही.

सामानाच्या यादीबद्दल मात्र गोंधळ आहे. सगळ्यांना तंतोतंत तेच सामान आणायला सांगावं, की जे आहे ते?

---

कातरकाम

तंतोतंत यादी द्या. मी एका वर्गाला गेले होते, तिथे 'जे असेल ते आणा' म्हणाले. माझ्याकडे मुलीचे पोस्टर रंग होते. शिकवणारी थरावर थर देत होती, माझा खालचा थर प्रत्येक वेळी विरघळून चिखल होत होता. कुणी सांगितलंच नाही की पोस्टर रंग वाळल्यावरही पाण्यात सुटतात आणि ॲक्रिलिक सुटत नाहीत. दीड तास मला वाटत राहिलं की मला जमत नाही.

---

रेघोट्या

कातरकाम, तुमचं दुःख खरं आहे, तरी मी दुसऱ्या बाजूने मत देईन. लांब यादी पाहूनच कितीतरी जण येत नाहीत, आणि आलेले नवं सामान खराब होईल या भीतीने जपून वापरतात. चूक यादीत नव्हती, शिकवणारीला तुमच्या हातात कोणता रंग आहे हे ठाऊक नव्हतं यात होती.

मी वर्गाच्या चार दिवस आधी प्रत्येकाला मेजावरच्या सामानाचा एक फोटो पाठवायला सांगते. त्यावरून कळतं कुणाकडे काय आहे. पोस्टर रंगवाल्याला मी तेव्हाच सांगते की थर न देता शेजारी-शेजारी रंग लाव, किंवा वरचा थर खडूने दे. बारा जणांसाठी हे सहज होतं. पन्नास असते तर मीही तंतोतंत यादीच दिली असती.

---

कोरं_पान

फोटोचं करतेच. अत्यावश्यक चारच गोष्टी लिहिते: वही, एक पाण्यात न पसरणारं पेन, कुठलाही रंग, गोंद. बाकी 'असेल तर'.

आता मनातला खरा प्रश्न. जर्नल म्हटलं की आतलं काहीतरी येणार. मी विषय म्हणून 'न पाठवलेलं पत्र' ठेवलं होतं. तालमीत मैत्रीण लिहितालिहिता रडली. ती ओळखीची होती म्हणून निभावलं. अनोळखी माणूस पडद्यापलीकडे एकटा बसलेला असताना असं झालं तर मी काय करू?

---

अल्पविराम

मी समुपदेशक आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

मनातलं कागदावर उतरवण्याचा उपयोग होतो यावर बराच अभ्यास झालाय. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या क्लेशदायक घटनांबद्दल लिहिलं. पुढच्या महिन्यांत त्यांतल्या ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही मांडल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण त्याच प्रयोगात लिहून झाल्या झाल्या त्यांचं मन जास्त उदास होतं. म्हणजे तुमची मैत्रीण रडली यात विपरीत काही नाही. फक्त त्या क्षणाला सांभाळायला शेजारी कुणीतरी लागतं, आणि ऑनलाइन वर्गात ते नसतं. म्हणून 'न पाठवलेलं पत्र' पहिल्या चार वर्गांत नको. नजरेसमोरच्या गोष्टीवरचा विषय द्या: आज हाताला लागलेले पाच स्पर्श, खिडकीतून दिसणारे रंग, या आठवड्यात ऐकलेलं एक वाक्य. ज्याला खोल जायचंय तो यातूनही जातो, आणि स्वतःच्या गतीने जातो.

वर्गाच्या माहितीत स्पष्ट लिहा की हा कलेचा वर्ग आहे, उपचार नाही. कला-उपचार हे वेगळं शिक्षण आहे. कुणी रडलंच तर सगळ्यांसमोर चौकशी करू नका. "हवं तर कॅमेरा बंद करा, पाणी प्या, तुमच्यासाठी जागा आहेच," एवढं सगळ्यांना उद्देशून म्हणा आणि नंतर खासगीत एक निरोप पाठवा.

'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक: २०१६ साली गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर आणि कोलाज यांत हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालं, आणि कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे जाहिरातीत 'ताण ७५ टक्के कमी' असं कृपया लिहू नका.

---

शाईदौत

अल्पविराम, फार नेमकं लिहिलंत.

खासगीपणासाठी एक जुनी युक्ती जोडतो. आधी पानभर मनात येईल ते लिहायचं, मग वही ९० अंशांत फिरवून त्याच ओळींवर आडवं लिहायचं. तिसऱ्यांदा फिरवलं की काहीच वाचता येत नाही, उरते ती अक्षरांची जाळी. त्यावर पातळ रंग दिला की सुंदर पोत येतो. पान दाखवतानाही गुपित गुपितच राहतं. मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो हिने आयुष्याच्या शेवटच्या दहाएक वर्षांत जी रंगीत रोजनिशी ठेवली, तिच्यात सांडलेल्या शाईच्या डागांतूनही आकृत्या काढल्यात. पान 'खराब झालं' म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा.

---

सावलीरेघ

बराच काळ वाचनमात्र होतो, आज लिहावंसं वाटलं. मला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. दोन ऑनलाइन वर्ग अर्धवट सोडले, कारण शिकवणारे म्हणायचे, "हा घ्या आणि त्यात थोडा हा मिसळा." कोणता हा?

तुम्ही रंगाचं नाव उच्चारा, ट्यूबवरचं नाव कॅमेऱ्यासमोर धरा. 'गडद' आणि 'फिकट' हे शब्द वापरा, ते मला पुरतात. आणि तुम्ही डावखुऱ्या असाल किंवा विद्यार्थी असेल तर हात कुठून येतो तेही सांगा. एवढंच.

---

कोरं_पान

सावलीरेघ, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी दिवसभर 'हा' आणि 'तो' म्हणते हे तुमच्यामुळे लक्षात आलं. माझ्या सगळ्या ट्यूबवर मोठ्या अक्षरांत नावं लिहून ठेवलीत. रंगपाटीवर गडद ते फिकट असा क्रमही लावला.

सगळ्यांसाठी बातमी: काल दुसरी तालीम केली, या वेळी चौघींबरोबर. एकच तंत्र: जाळीचं लिखाण आणि त्यावर पातळ रंग. मी एकूण सोळा मिनिटं करून दाखवलं. त्यांचे हात चोपन्न मिनिटं चालले, घड्याळ लावून मोजलं. मधल्या बारा मिनिटांच्या शांततेत मला तीनदा बोलावंसं वाटलं. तोंडावर हात ठेवून बसले. शेवटी चारही पानं भरलेली होती आणि एकही माझ्या पानासारखं दिसत नव्हतं. मला त्याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला.

पहिल्या तालमीत कोरं पान घेऊन उठलेली मैत्रीणही होती. तिने पान कॅमेऱ्यासमोर धरलं तेव्हा मला पटकन "छान!" म्हणायचं होतं, पण पुढे काय बोलावं सुचेना.

---

रेघोट्या

चोपन्न! शाब्बास.

'छान' टाळाच. एकाला छान म्हटलं की बाकीचे अकरा तुलना करू लागतात. जे दिसतं ते म्हणा: "डाव्या कोपऱ्यात अक्षरं दाट आहेत आणि उजवीकडे मोकळी, नजर तिकडे जाऊन थांबते." माणसाला कळतं की पान खरंच पाहिलं गेलं. आणि दाखवायचं की नाही हे प्रत्येकाच्या मर्जीवर. नुसता एक कोपरा दाखवला तरी पुरे.

रेकॉर्डिंग करणार असाल तर ते फक्त तुमच्या मेजाचं करा, परवानगी आधी घ्या, आणि पानं दाखवायची वेळ आली की बंद करा. चेहरा आणि वही दोन्ही खासगी गोष्टी आहेत.

---

खडूफळा

फोनवर रेकॉर्डिंग आणि मीटिंग एकदम चालवू नका, तापून बंद पडतो. फोनचं जाड कव्हर काढून ठेवा, चार्जर लावा, आणि येणारे कॉल थांबवा. दीड तासाच्या मध्ये फोन खणखणला की पानाच्या जागी कुणाचं तरी नाव दिसतं.

---

कोरं_पान

आज पहिला वर्ग झाला.

बारापैकी अकरा आले. सुरुवातीला पेनांच्या रेघांची चाचणी केली आणि दहाव्या मिनिटाला सगळे आपापल्या वहीवर वाकलेले दिसले. एका काकांनी पूर्ण वेळ कॅमेरा बंद ठेवला, मी काही विचारलं नाही. संपताना त्यांनी लिहून कळवलं की दोन पानं झाली, दाखवणार नाहीत, पुढच्या रविवारी येतील. हातांचा वेळ एकोणपन्नास मिनिटं. ताईंच्या हिशोबाला एक कमी पडलं, कारण एकीचा जेसो वाळला नव्हता आणि मी तिला समजावत बसले. ते सगळ्यांसमोर करायला नको होतं, पुढच्या वेळी तिला तोवर दुसरं पान देईन.

पुढचा रविवार कोलाजचा. माझी चिकटवलेली पातळ कागदांची कात्रणं नेहमी सुरकुततात. मला ती आवडतात म्हणून कधी दुरुस्त करायला शिकलेच नाही. पण कुणाला सपाट हवी असतील तर काय सांगू?

---

कातरकाम

हे माझं क्षेत्र! कागद ओला झाला की पसरतो, वाळताना आकसतो, म्हणून सुरकुत्या. पातळ कात्रणाला गोंद लावू नका, खालच्या पानाला लावा, तोही पातळ आणि कडेपर्यंत. कात्रण मधोमध टेकवून बाहेरच्या बाजूला जुन्या प्लास्टिक कार्डाने दाबत न्या. वर बटर पेपर, त्यावर जड पुस्तकं, रात्रभर. वर्गात मात्र एवढा वेळ नसणार, तिथे कोरड्या गोंदाची कांडी बरी, सुरकुत्या कमी येतात. फक्त कडा पुन्हा एकदा दाबायला सांगा, कांडीच्या गोंदाने त्या सुटतात.

---

कोरं_पान

उद्याच दोन्ही गोंदांनी एकेक पान करून बघते. आणि जिचा जेसो वाळला नव्हता तिला बोलावून तिच्या हातूनही एक करून घेते, म्हणजे खरा वेळ कळेल.